बाल्कनीतून पूल दिसतो

मुंबईत नाहूरला भाड्याचं घर बघायला गेलात की एजंट आधी किचन दाखवत नाही. तो थेट बाल्कनीत नेतो, काचेचं दार सरकवतो आणि खाली बोट दाखवतो. "पूल-व्ह्यू!" रेल्वेवरचा नव्हे, पोहायचा. एकोणीस मजले खाली पोडियमवर निळं, चौकोनी काहीतरी चमकत असतं. काठाला चार आरामखुर्च्या असतात, त्यांवर कुणी पहुडल्याचं कुणाच्याच आठवणीत नसतं. "समोरच्या विंगमधून नुसतं पार्किंग दिसतं," एजंट समजावतो, "म्हणून इकडे तीन हजार जास्त."

म्हणजे पाणी नुसतं बघायचे महिन्याला तीन हजार. पाण्यात उतरल्यावर काय, हे एजंट सांगत नाही, कारण तो विषय मालकाचा. मालक सांगत नाही, कारण तो विषय सोसायटीचा. सोसायटी सांगत नाही, कारण तिने बोर्ड लावलाय. बोर्डावर लिहिलंय, 'स्विम ॲट युअर ओन रिस्क'. ज्याला पोहता येत नाही आणि इंग्रजीही येत नाही, त्याने काय करायचं हे बोर्ड सांगत नाही.

गंमत बघा. भांडुप ते मुलुंड एलबीएस मार्गाच्या कडेला जिथे हे टॉवर उभे आहेत, तिथे एकेकाळी कारखाने होते. तेव्हाच्या कारखाने कायद्याप्रमाणे हजार कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमावा लागायचा. भोंगे बंद झाले, चिमण्या पडल्या, त्याच जमिनीवर शेकडो कुटुंबं राहायला आली, आणि सुरक्षा म्हणून उरला गेटवरचा वॉचमन. तोही तुमच्या डिलिव्हरीवाल्याचा फोटो काढण्यात गुंतलेला.

* * *

मालकाला बोलायला वेळ नसतो, असं मात्र अजिबात नाही. चावी देताना मालक तासभर बोलतात. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. नॉन-व्हेज करायचं तर खिडक्या उघड्या ठेवून. गिझर चालू ठेवून बाहेर जायचं नाही. गॅलरीत कपडे दिसता कामा नयेत, कमिटी मेल पाठवते. वॉशिंग मशीनचा पाइप असा लावा, तसा नको, मागच्या भाडेकरूंनी तसा लावला आणि खालच्यांच्या छताला ओल आली. मागच्या भाडेकरूंचं चरित्र मग सविस्तर.

हेच सगळं करारातही उतरतं. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ने मालकावर टाकली आहे. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे लिव्ह अँड लायसन्स अगदी निष्ठेने होतं. माणूस लॅपटॉप घेऊन घरी येतो, अंगठा यंत्रावर टेकतो, कॅमेऱ्याकडे बघून फोटो निघतो. शेवटच्या पानावर सामानाची यादी असते. पंखे सहा. ट्यूबलाइट आठ. पडद्यांचे रॉड, गिझर दोन, चिमणी एक, 'सर्व चालू स्थितीत'. घराची जाहिरात ज्या लाखभर लिटर पाण्यावर झाली, त्याचा मात्र यादीत पत्ता नाही.

मालकाला विचारलं तर उत्तर तयार असतं. "पूल माझा कुठे आहे? तो कॉमन एरिया."

भाडं ठरवताना तो यांचा असतो. जबाबदारी निघाली की सगळ्यांचा होतो. आणि जे सगळ्यांचं, ते कुणाचंच नाही, हे सोसायटीतला लहान मुलगाही सांगेल. लिफ्टमधली पानाची पिंक कुणाची ते अजून कळलेलं नाही.

* * *

करारानंतर इंटरव्ह्यू. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती दिल्याचा कागद द्यायचा, संपलं. पण कमिटीला भाडेकरू 'बघायचा' असतो. रविवारी सकाळी अकरा वाजता, क्लबहाऊसमध्ये, कॅरमच्या टेबलाच्या पलीकडून.

"कुठे असता जॉबला?"
"ऐरोलीला."
"व्हेज?"
"घरी व्हेज."
"कुत्रा, मांजर?"
"नाही."
"आईवडील येऊन-जाऊन असतात का?"
"सासूबाई असतात, मुलीसाठी."
"मुलगी किती वर्षांची?"
"चार."
"खेळताना आरडाओरडा नको, बी विंगच्या तक्रारी येतात."

चार वर्षांची मुलगी, दिवसभर सोबत आजी, खाली पूल. तिन्ही गोष्टी टेबलावर आल्या. आता पुढचा प्रश्न शेंबड्या पोराला सुचावा. कमिटीने विचारला तो असा: "मूव्ह-इन चार्जेस भरलेत का?"

काही सोसायट्या तर सुरक्षेचा प्रश्न मुळातूनच निकाली काढतात. भाडेकरूंना पूल बंद! फ्लॅट भाड्याने दिला म्हणून मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घ्यायचे (ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घ्यायचे नाहीत, हे सरकारने २००१मध्येच बजावून ठेवलंय) आणि भाडेकरूला काठावर उभं करायचं. आता ही बंदी चार वर्षांच्या मुलीला कोण समजावणार? शाळेच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण मालकाची लेक. ती रोज संध्याकाळी पाण्यात. मग भाडेकरूची मुलगी कधीतरी मैत्रिणीचं बोट धरून जाणारच, आणि तिला पूलबद्दल कुणी काही सांगितलेलं नसणार, कारण तिच्यासाठी तो अधिकृतपणे अस्तित्वातच नाही. बंदीने फक्त कमिटीचं मन सुरक्षित होतं.

* * *

"अहो, चार फूट तर पाणी आहे. चार फुटांत कोण बुडतं?"

हे वाक्य मुंबईतल्या प्रत्येक पोडियमवर ऐकू येतं आणि बोलणारा हमखास पाच फूट आठ इंचांचा असतो. चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५. टाचा उंचावूनही त्याचं नाक पाण्याखालीच. शिवाय याच चार फुटांत कॉलेजचे वीर सूर मारतात आणि मान मोडून घेतात. उथळ पाण्याने पोहणाऱ्यालाही सोडलेलं नाही.

दुसरा गैरसमज सिनेमाने दिलेला. बुडणारा माणूस हात हलवतो, 'बचाव, बचाव' ओरडतो, मग नायक उडी मारतो. प्रत्यक्षात तोंड पाण्यावर येतं त्या क्षणात श्वास घ्यायचा की ओरडायचं, शरीर श्वास निवडतं. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, हलवायला मोकळे नसतात. आवाज नाही, खळबळ नाही, आणि सगळा खेळ बहुधा मिनिटाभराचा. दोन हातांवर बसलेली आई मोबाइलमध्ये एक रील संपवते तेवढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. त्यांत जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा.

लांब जायला नको. जुलै २०२२मध्ये लोणावळ्यात भाड्याने घेतलेल्या बंगल्याच्या पूलमध्ये दोन वर्षांचं मूल बुडालं. घरचे सहलीला आले होते. बंगला त्यांना अनोळखी, दारं अनोळखी, पाणी कुठून सुरू होतं ते अनोळखी. भाडेकरू अकरा महिन्यांचा असो की एका रात्रीचा, पहिला दिवस सर्वांत धोक्याचा असतो आणि नेमका त्याच दिवशी मालक वाय-फायचा पासवर्ड सांगून निघून जातो.

आणि 'सोसायटी बघून घेईल' म्हणणाऱ्यांसाठी बंगळुरू. डिसेंबर २०२३मध्ये तिथल्या एका मोठ्या गृहसंकुलाच्या पूलमध्ये नऊ वर्षांची मुलगी गेली. बुडून नव्हे, पाण्यात उतरलेल्या विजेच्या धक्क्याने. पोलिसांनी रहिवासी संघटनेच्या अध्यक्षांसह सात जणांना अटक केली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६खाली गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. 'ओन रिस्क'चा बोर्ड हे कलम पुसत नाही.

* * *

तिकडे सिडनीत आपला मराठी माणूस भाड्याचं घर घेतो, मागे छोटासा पूल असतो. न्यू साउथ वेल्समध्ये २९ एप्रिल २०१६पासून नियम असा, की पूल असलेलं घर भाड्याने देताना मालकाने भाडेकरूच्या हातात पूल नियमाप्रमाणे असल्याचं प्रमाणपत्र ठेवायचं. तीन वर्षं चालतं. कुंपण किमान १.२ मीटर उंच. फाटक आपोआप मिटणारं, आपोआप अडकणारं, आणि पूलच्या बाहेरच्या बाजूला उघडणारं, म्हणजे मुलाने रेटलं तरी आत उघडत नाही. काठावर छाती दाबून श्वास परत आणायच्या कृतीचा तक्ता. तीस सेंटिमीटरहून खोल पाणी मावत असेल तर फुगवायचा प्लास्टिकचा टबही याच नियमात. बऱ्याच बिऱ्हाडांच्या इमारतीत मालकाची या कागदातून सुटका होते, पण मग स्थानिक कौन्सिल दर तीन वर्षांनी येऊन पूल तपासते. मालक नाही तर कौन्सिल, कुणीतरी एक उत्तरदायी असतंच.

आपल्याकडे ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सचं पूलच्या पाण्याच्या दर्जासाठी मानक आहे, आयएस ३३२८. क्लबहाऊसच्या मॅनेजरला एकदा विचारून बघा. तो म्हणेल, तो आयएएस अधिकारी मागच्या महिन्यात फ्लॅट सोडून गेला.

पालिकेला नावं ठेवणं हा आपला राष्ट्रीय छंद, पण इथे ती आपल्यापेक्षा बरी. पालिकेच्या तलावाचं सभासदत्व घ्यायचं तर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात ऑक्टोबर २०२३मध्ये मगरीचं पिल्लू निघालं तेव्हा मुंबईभर हशा पिकला. ते पिल्लू दिसलं कुणाला? लोकांना आत सोडण्याआधी भल्या पहाटे पाण्यावरून नजर फिरवणाऱ्या कर्मचाऱ्यांना. नाहूरच्या पोडियमवर तेच पिल्लू उतरलं असतं तर आधी मुलांना दिसलं असतं, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं असतं, आणि चेअरमननी 'कृपया पाळीव प्राणी पट्ट्याशिवाय आणू नयेत' असं लिहिलं असतं.

* * *

तेव्हा मालकहो, काम दहा मिनिटांचं आहे. भाडेकरूला लिफ्टने खाली न्यायचं. दुपारी एजंट नेतो तसं रिकाम्या पूलवर नव्हे, संध्याकाळी सहाला, गर्दी असताना.

आधी एकच विचारा: "घरात पोहता कुणाला येत नाही?" उत्तर बहुधा 'कुणालाच' असं येईल, लाजू नका, तुम्हालाही येत नाही. मग दुसरा प्रश्न, जो सगळे विसरतात: "मुलीला खाली कोण आणणार?" करारावर सही नवरा-बायकोची असते. ते दोघं आठ-पाचच्या स्लो लोकलने गेलेले. पूलच्या काठावर असणार आजी, नाहीतर मूल सांभाळणाऱ्या मावशी. तुमचं सगळं बोलणं त्यांच्याशी व्हायला हवं. मावशी समोर नसतील तर येतील त्या दिवशी पुन्हा खाली उतरा. भाडं घ्यायला दर महिन्याला फोन करताच की.

मग फाटक दाखवा. स्वतःहून मिटतं का? बहुतेक ठिकाणी सफाईवाल्याच्या सोयीसाठी ते सुतळीने उघडं बांधलेलं असतं. ती सुतळी भाडेकरूसमोर सोडा. खोली बोटाने दाखवा: इथवर तीन फूट, या फरशीपासून चार, तिथे पाच. काठावरचे आकडे उडालेले असतील तर तिथेच उभं राहून सेक्रेटरीला फोटो पाठवा. पाण्याच्या तळाशी जाळी दिसते का बघा. दिसत नसेल, पाणी दुधाळ किंवा हिरवट असेल, तर त्या दिवशी कुणीच उतरायचं नाही, कारण तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही. जाळी तुटलेली असेल तर त्याहून वाईट. पंपाची ओढ केस आणि हात धरून ठेवते. अमेरिकेत एका माजी परराष्ट्रमंत्र्याची नात अशी गेली आणि २००७मध्ये त्यांनी त्यासाठी कायदाच केला.

जीवरक्षक कधी असतो, कधी नसतो, हे वेळेसकट सांगा. असतो तेव्हा तो आणखी काय काय करतो हेही सांगा. रजिस्टर भरणारा, टॉवेल मोजणारा, कुंड्यांना पाणी घालणारा माणूस पगारपत्रकावर जीवरक्षक असतो, पाण्यासाठी नसतो. हातातल्या फुग्यांवर आणि फुगलेल्या बदकावर विसंबायचं नाही, ते खेळणं आहे. लहान मूल पाण्यात असेल तर मोठं माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर, आणि मोबाइल पिशवीत. रिंग आणि लांब काठी कुठे टांगली आहे ते दाखवा. पोहता न येणाऱ्याने वाचवायला उडी मारायची नाही, काठी पुढे करायची, ओरडून माणसं जमवायची, १०८ लावायचा. पाण्यातल्या दिव्यांच्या वायरिंगची तपासणी कधी झाली, हे तुम्ही सोसायटीला लेखी विचारा आणि उत्तर भाडेकरूला पाठवा. उत्तर आलं नाही, तर ते आलं नाही हे पाठवा.

आणि एक खास आपलं. नाहूरच्या उशाशी भांडुप संकुल. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा तिथे शुद्ध होऊन शहरभर जातो. तरीही कपात ती कपात. ५ जून २०२४पासून पालिकेने दहा टक्के पाणी तोडलं होतं. पंधरा मीटर लांब, सहा मीटर रुंद, चार फूट खोल पूल भरायला लाखावर लिटर लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे अकरा टँकर. कपातीत सोसायटीच्या सभेत हा हिशेब निघाला की ठराव होतो: पूल बंद. बंद म्हणजे काय, तर जीवरक्षकाला सुट्टी, फिल्टर बंद, दिवे बंद, आणि तळाला तीन फूट हिरवं पाणी तसंच. मूल बुडायला तेवढं पुरतं. सूर मारणाऱ्यालाही ते कळत नाही. बंद पूल हा सर्वांत जास्त सांगण्याजोगा पूल, आणि त्याबद्दल नोटीस येते ती फक्त मेंटेनन्स कमी होणार नाही एवढीच.

* * *

"एवढं सगळं ऐकवलं तर भाडेकरू घाबरेल आणि मुलुंडला जाईल," मालक म्हणतात.

मुलुंडलाही पोडियम आहेत. आणि भाडेकरू घाबरून पळतो तो माहितीने नव्हे, डिपॉझिटच्या आकड्याने. उलट ज्या मालकाने काठावर उभं राहून खोली दाखवली, त्याच्याकडे लोक टिकतात. निदान पाइप लावण्याआधी फोन करून विचारतात.

भाडेकरूनेही गप्प बसू नये. नळ, पंखे, गिझर सुरू करून बघता, तसं "काका, आपण पाच मिनिटं खाली जाऊन येऊ या का?" एवढंच म्हणावं. काका आले तर घर घ्यावं. "तिथे बघण्यासारखं काय आहे" म्हणाले, तर मघाशी जास्तीचे सांगितलेले पैसे कशाचे, ते तिथेच विचारावं.

आणि करारात एक ओळ वाढवावी: 'चावी देण्यापूर्वी मालकाने भाडेकरूस आणि त्याच्या घरी मूल सांभाळणाऱ्या व्यक्तीस जलतरण तलावाच्या काठावर नेऊन खोली, फाटक, जीवरक्षकाच्या वेळा व बचावसाहित्य दाखवले आहे.' खाली तिघांच्या सह्या.

करार करणारा माणूस म्हणेल, अशी ओळ कायद्याने लागत नाही. खरं आहे. कायद्याने लागते ती ओळ नंतर पोलीस ठाण्यात लिहिली जाते. तिथे नाव विचारतात, आणि 'कॉमन एरिया' असं कुणाचंच नाव नसतं.